राजेसाहेबांच्या मोटारीचं तेल कुठं गेलं

॥ श्री इच्छादेवी प्रसन्न ॥

मुक्काम बऱ्हाणपूर, चैत्र वद्य षष्ठी, शनिवार

ती. सौ. सरूअक्का यांस धाकट्या भावजयीचा, भागाचा, दंडवत. (दंडवत कागदावरच समजून घ्या. आठ दिवस गाडीखाली वाकून वाकून कंबर धरली आहे, ती का ते खाली येईल.) इकडे सगळे खुशाल. तुमचे भाऊ खुशाल, घाणा खुशाल, घाण्याचा बैल तर आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त खुशाल. तिकडे तुमचे गुडघे, भावजींचा खोकला आणि तुमच्या सुनेचं तोंड, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करते. माझ्या अक्षराला हसू नका. तिसरी पास झाले आणि चौथीत बापानं पाटीवरून उचलून घाण्यावर बसवली, त्यामुळे अक्षर वाकडं राहिलं. बोलणं सरळ आहे, ते तुम्हाला पंचवीस वर्षं ठाऊक आहे.

तुमचं कार्ड पोचलं. कार्ड उघडं असतं म्हणून ते पोष्टमननं वाचलं, मग समोरच्या आशाबाईनं वाचून घेतलं, मग मला मिळालं. पुढल्या वेळी लखोटा पाठवा, शिव्या तरी घरात राहतील. तुम्ही लिहिलंत की आईला त्या लाल दिव्याच्या पेटीत घालून भर रस्त्यात मारू नका, मी चैत्री अवसेच्या सोमवारच्या गाडीनं येते आणि आईला कायमची रावेरला घेऊन जाते. लिहिणाऱ्याचा हक्क आहे, आई तुमची आहे, मी काही बोलत नाही. पण तुम्हाला जी बातमी लागली ती अर्धी लागली. उरलेली अर्धी मी लिहिते, आणि ती ऐकल्याशिवाय तुम्ही वळकटी बांधू नका.

पहिल्यापासून सांगते. दिवाळीनंतर तुमचे भाऊ पेंडीचा सौदा करायला खंडव्याकडे गेले आणि पेंड विकून मोटार घेऊन आले. मी दारात भाकरी थापत होते. बघते तर गल्लीच्या तोंडाला एक भली लांब काळी गाडी अडकलेली, आणि आत हे, घाम पुसत. मला वाटलं कलेक्टरसाहेब रस्ता चुकले. झालं असं की तिकडचं एक बारीकसं संस्थान (नाव लिहीत नाही, राजेसाहेबांची उगीच अब्रू जायची) सरकारात विलीन झालं. राजेसाहेबांनी गादी दिली, खजिना दिला, हत्ती दिला, आणि गाड्या विकायला काढल्या. त्यातली ही सर्वांत जुनी, अडतीस सालची, अमेरिकन बनावटीची. तुमचे भाऊ म्हणाले, भागा, ज्या बैठकीवर राजेसाहेब बसले त्या बैठकीवर आता तेल्याचं पोर बसणार, हेच स्वराज्य. मी म्हटलं, तेल्याचं पोर पन्नाशीला आलं, आधी ही गल्लीतून बाहेर काढा, आशाबाईच्या तुळशीला टेकली आहे.

गाडीबरोबर एक माणूसही आला. उखर्डू त्याचं नाव. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, पांढऱ्या मिशा, डोक्याला संस्थानचा फेटा, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी. राजेसाहेबांनी हात जोडून सांगितलं म्हणे, की गाडी न्या पण माझा डायवर उपाशी मारू नका. आम्ही समजलो राजघराण्यातला डायवर, आपलं भाग्य. चार दिवसांनी बोलता बोलता कळलं की तो डायवर नव्हताच. तो हत्तीचा माहूत. सरकारनं हत्ती नेला आणि याला मागे ठेवला, तेव्हा राजेसाहेबांनी त्याला गाडीवर चढवला आणि दीड वर्षात तो जेवढं शिकला तेवढं शिकला. गाडी बरी हाकतो, खोटं का बोलू. पण चालू करताना पाठीवर थोपटतो, चढावर कानाशी बोलतो, आणि ब्रेक लावताना तोंडानं ‘धत्’ म्हणतो. एकदा चौकात त्यानं ‘धत्’ म्हटलं आणि गाडीच्या आधी एक म्हातारा सायकलवाला थांबला.

आता लाल दिव्याचं. हाकणाऱ्याच्या पुढ्यात पाटीवर घड्याळासारख्या दोन-तीन तबकड्या आहेत आणि त्यांच्या बाजूला बोराएवढा एक लाल मणी आहे. पहिले पंधरा दिवस मणी गप होता. मग एक दिवस पेटला. मी विचारलं, उखर्डू, हे काय? तो म्हणाला, “बाईसाहेब, सरकार बसले की कधी कधी लागायचा. राजाची गाडी आहे, वळख देते.” तुमच्या भावांना ते फार आवडलं. त्या दिवशी ते गावातून चार फेऱ्या मारून आले, दिवा पेटलेला, आणि छाती अशी. मी तेल्याची लेक आणि तेल्याची सून. दिवा आपोआप लागत नाही, दिवा मागतो म्हणून लागतो, एवढं मला कळतं. मी म्हटलं ही वळख नाही, ही हाक आहे. त्यावर दोघं हसले. हसा म्हटलं.

हसणं आठवडाभर टिकलं. मग गाडीच्या पोटाखाली काळे डाग दिसू लागले. मागून धूर येऊ लागला, निळसर, कढई करपल्यावर येतो तसा, आणि गल्लीतल्या बायका खोकत खोकत माझ्या नावानं बोटं मोडू लागल्या. पेट्रोलपंपावरून आणलेला इंजनच्या तेलाचा डबा महिना पुरायचा तो चार दिवसांत रिकामा. लाल दिवा कधी लागे कधी विझे, खड्ड्यात लागे, वळणावर लागे. आता अक्का, विचार करा. आमचं घर तेलाचं. सात पिढ्या तेल काढून विकलं, एक थेंब कमी दिला असं बऱ्हाणपुरात कुणी म्हणत नाही. माप भरलं की आपण वरून एक धार जास्तीची सोडतोच, ती आपल्या घराची रीत. त्या घराच्या दारात उभ्या गाडीचं तेल हरवावं आणि कुठं जातं ते कुणाला सांगता येऊ नये? मला रात्री जेवण गोड लागेना. सराफाचा दागिना त्याच्याच पेढीवरून जावा, तसली ती लाज.

आणि त्यातच आईंचा नवस. तुम्हाला माहीत आहे, दोन वर्षं त्यांचा हट्ट, इच्छापूरला देवीची ओटी मी माझ्या हातानं भरणार. माकडहाड दुखतं म्हणून बैलगाडीत बसवत नाही, मोटारबसमध्ये चढवत नाही, आणि दुसऱ्याच्या हातून नवस फेडायला तयार नाही. गाडी आली तेव्हा त्या सगळ्यांत आधी म्हणाल्या, देवीनं पाठवली. म्हणून होळीच्या नंतरच्या मंगळवारी आम्ही निघालो. ही ती फेरी, जिची अर्धी बातमी तुम्हाला लागली. शहापूरच्या पलीकडे दिवा पेटला तो विझेना, गाडी दोनदा शिंकली आणि धूर सोडून उभी राहिली. तुमच्या रावेरचा तो किराणावाला बसमधून चालला होता, त्यानं पाहिलं आणि तुम्हाला सांगितलं की तुमची आई बाभळीखाली पदर तोंडाला लावून रडत होती. रडत नव्हती. केळी खात होती. दात नाहीत म्हणून पदराआड खाते. शेजारच्या मळेकऱ्यानं दिलेली सहा केळी खाल्ली, साली बैलाला घाला म्हणून मला दिल्या, आणि केळीवाल्या मळेकऱ्याच्या बैलांनी गाडी ओढत घरी आणली तेव्हा आत ताठ बसून राहिली. वाटेत लोक हसत होते ते माझ्याकडे बघून, तिच्याकडे बघून नाही. तरीपण ओटीचं सामान तसंच परत आलं, आणि त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, हे मी कबूल करते. त्यावर तुमचं कार्ड.

मग मी पदर खोचला. म्हटलं सोमवारच्या आत या गाडीचं दुखणं मी काढते, नाही काढलं तर सरूअक्कांना तोंड कोण दाखवणार.

तुमच्या भावांनी आधी लालबागच्या मिस्तरीला आणलं. त्यानं झाकण उघडलं, विडी पेटवली (इंजनच्या तोंडाशी! मी ती त्याच्या हातातून काढून नाल्यात टाकली), कान लावला आणि म्हणाला, “बाई, पिस्टनच्या रिंगा गेल्या. पुरं इंजन खोलावं लागेल. सामान मुंबईहून. बरसातीपर्यंत होऊन जाईल.” मी विचारलं, कशावरून रिंगा गेल्या? म्हणे, तेल पिते, धूर देते, दिवा लागतो, जुनी गाडी आहे, रिंगाच. मी म्हटलं, बाबा, मलाही वय झालं, गुडघे दुखतात, डोकं तापतं, तू माझ्याही रिंगा काढशील. तू हात कुठं लावलास? डोळा कुठं घातलास? खालून बघितलंस का तेल कुठून येतं? तो म्हणाला, खालून बघायचं काम नाही, अंदाजा असतो. अंदाजानं तर आपण भाजीत मीठपण घालत नाही हो अक्का, चाखून बघतो. त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. तुमचे भाऊ चिडले. म्हणाले, मिस्तरीला घालवलंस, आता तू इंजन खोलणार? मी म्हटलं खोलणार नाही. बघणार. फरक आहे.

खरं सांगते, पहिला संशय मला उखर्डूचा आला. म्हटलं हा विकतो तेल. दोन दिवस पाळत ठेवली. तो काहीच विकत नाही, उलट बिचारा गाडीला सोंडेच्या जागी हात फिरवतो. दुसरा संशय तुमच्या आईचा. दर शनिवारी मारुतीला तेल नेतात, म्हटलं अंधुक दिसतं, चुकून डब्यातलं काळं तेल नेत असतील, आणि मारुती काळा होत असेल. जाऊन बघून आले. मारुती शेंदरी होता. तुमच्या आईला कळलं तेव्हा त्या माझ्याशी एक दिवस बोलल्या नाहीत, घर फार शांत वाटलं.

मग मी माझ्या बापाची विद्या काढली. आमच्या माहेरी तेलाचं पिंप गळायला लागलं की आम्ही त्याला आधी कोरडं पुसून वरून चुन्याची भुकटी फासतो. पांढऱ्यावर तेल लपत नाही. जिथून ओलं येतं तिथं पिवळी रेघ उठते आणि भोक आपलं आपण बोट वर करतं. तेच केलं. उखर्डूला सांगितलं घासलेटच्या चिंध्यांनी गाडीचं पोट आणि इंजन पूस, असं पूस की त्यात भांग दिसला पाहिजे. मग मी गोणपाट टाकून गाडीखाली शिरले (हो, मी. नऊवारीत. आशाबाई माडीवरून बघत होती, बघू दे), आणि सगळीकडे चुना फासला. खाली तुमच्या भावांचं जुनं पांढरं धोतर अंथरलं. म्हटलं आता चालू कर आणि जागच्या जागी गुरगुरू दे. उखर्डूनं थोपटलं, गाडी गुरगुरली. मी समोर पाट टाकून डाळ निवडत बसले. घाण्याशी असंच बसावं लागतं, नजर तेलावर आणि हात कामात. उतावळ्या माणसाला तेल काही सांगत नाही. (तुम्ही म्हणाल भागा आणि सबुरी? अक्का, माणसांच्या बाबतीत मला सबुरी नाही. तेलाच्या बाबतीत आहे.)

दुपारपर्यंत धोतरावर नऊ थेंब पडले आणि चुन्यावर रेघा उठल्या. मी परत खाली शिरले. तळाशी तेल सोडायचा जो बोल्ट असतो तो पांढराशुभ्र. तळाची कड कोरडी. रेघा सगळ्या वरून खाली आलेल्या! मागच्या बाजूला जिथं दोन भाग जुळतात तिथून, आणि वरच्या झाकणाच्या कडेनं. तिथंच गाडीखाली आडवी पडल्या पडल्या माझ्या डोक्यात लख्ख पडलं. भांड्याला भोक असेल तर ते खालून गळतं. वरच्या काठानं गळतं ते भांडं फुटकं नसतं. ते ओसंडत असतं. तेल कमी नाही पडत, अक्का. तेल जास्त आहे!

मी बाहेर आले आणि म्हटलं पट्टी काढा. इंजनात एक लांब पोलादी पट्टी खुपसलेली असते, ती उपसायची, पुसायची, परत बुडवून काढायची आणि तेल कुठवर चढलं ते बघायचं. तुमच्या भावांनी काढली. टोकापासून मुठीपर्यंत ओली. ते म्हणाले, बघ, भरलेली आहे. मी म्हटलं या दोन खाचा कशाला आहेत खाली? म्हणे नक्षी असेल. आपल्या दुकानात पिंपात काठी बुडवतो, काठी मुठीपर्यंत भिजली म्हणजे पिंप भरलं, म्हणून यांनी इथंही तोच हिशेब लावला. तेल त्या दोन खाचांच्या मध्ये पाहिजे होतं. इथं तर विहिरीला पूर आलेला. आणि मी त्या तेलाला बोट लावलं आणि मला कळलं की ते तेलसुद्धा राहिलं नाही, त्यात फेस झालाय, घुसळलेल्या ताकासारखा. आत जो दांडा फिरतो तो एवढ्या तेलात बुडून रवीसारखा फिरत होता. फेस वर चढत नाही, आतल्या सांध्यांपर्यंत पोचत नाही, म्हणून दिवा बोंब मारायचा की मला तेल पोचेना. आणि दिवा लागला की आम्ही काय करायचो? आणखी ओतायचो. जास्तीचं काठावरून गळायचं, उरलेलं जळून धूर व्हायचा, डबा रिकामा, की आणा नवा डबा.

आता प्रश्न एकच, ओतत कोण होतं. तिघांना पाटावर बसवलं, म्हणजे दोघांना, आणि तिसरी मी. उखर्डूला विचारलं. तो फेटा सावरून म्हणाला, “बाईसाहेब, पहाटे खुराक तर द्यावा लागतो ना. तिकडं डबा कुलपात असायचा. हत्तीला मी कधी उपाशी बाहेर काढला नाही.” रोज पहाटे पावशेर. तुमच्या भावांकडे वळले. ते जमिनीकडे बघत होते. आंघोळ झाली की देवाच्या समईत तेल घालतात, आणि त्याच हातानं, त्याच सोवळ्यात, अंगणात येऊन डब्यातल्या तेलाची गाडीत एक धार. म्हणाले, तेल्याच्या घरातलं भांडं कधी उणं ठेवू नये, बापानं सांगितलंय. रोज पावशेर. मग दोघं माझ्याकडे बघायला लागले. खोटं मी बोलत नाही. या दोघांवर माझा भरवसा नव्हता, म्हणून गाडी बाहेर काढायच्या आधी मी रोज जाऊन, कुणाला न सांगता, थोडं घालत होते. थोडं म्हणजे पावशेर. आणि त्यावर एक धार.

तर ते आपल्या घराचं तेल चोरीला गेलं नव्हतं. सात पिढ्यांच्या सवयीत बुडालं होतं. गिऱ्हाइकाला धार जास्त दिली तर तो दुवा देतो. इंजनाला दिली तर ते गुदमरतं. राजेसाहेबांकडे दहा वर्षं गाडी नीट चालली कारण तिथं तिची कुणाला माया नव्हती.

जास्तीचं तेल बोल्ट सैल करून काढलं. परात भरली, बादली भरली, आणि परत अर्धी परात. ते बैलगाडीच्या आसांना वंगण म्हणून गल्लीत वाटलं, आशाबाईलासुद्धा दिलं, आता तिच्या दाराची बिजागरीपण कुरकुरत नाही आणि तीपण. फेस गेला तसं ताजं तेल वरच्या खाचेपर्यंत घातलं. एक थेंब वर नाही. जिवावर आलं हो माझ्या, धार तोडताना. गाडी चालू केली. लाल मणी एकदा पेटला, विझला, आणि विझलेलाच राहिला. उखर्डूनं गाडीला सलाम केला. तुमचे भाऊ म्हणाले, मिस्तरीला बोलावून दाखवू. मी म्हटलं बोलावूच. तो आला, बघितलं, आणि म्हणाला, मी तेच सांगणार होतो. मी परत चहा पाजला. जिंकलेल्या माणसाला चहा परवडतो.

आणि परवाच्या मंगळवारी, अक्का, आम्ही इच्छापूरला जाऊन आलो. हे वाक्य मी दोनदा लिहिलं असतं, पण कागद पुरत नाही. आईंना पुढे बसवलं, कारण मागे बसायला त्या तयार नव्हत्या. शहापुरात जिथं मागल्या वेळी लोक हसले तिथं या वेळी दोन म्हातारे कुठला राजा आला म्हणून उठून उभे राहिले आणि रामराम केला. तुमच्या आईनं हात वर करून रामराम घेतला. काही संकोच नाही, जन्मभर तेच काम केल्यासारखं. मी पूर्ण रस्ता त्या लाल मण्यावर डोळा ठेवून होते. डोळ्यांतून पाणी आलं, पण मणी पेटला नाही. इच्छापूरला पायथ्याशी खुर्ची मागून घेतली, तुमचे भाऊ एका बाजूला आणि उखर्डू दुसऱ्या, आणि वर नेल्या. उखर्डू दर पायरीला त्यांनाही ‘शाब्बास, शाब्बास’ म्हणत होता.

वर गुरवानं विचारलं, आजी, नवस कुणासाठी? मी समजत होते तुमच्या भावांसाठी असणार, नाहीतर तुमच्यासाठी. तुमच्या आई सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं ओरडल्या, “हिच्यासाठी! दोन वर्षांमागं ताप आला होता, एकवीस दिवस. मेली असती तर दुकान कोणी बघितलं असतं? देवरामला तर गिऱ्हाईक फसवून जातं!” तुमच्या भावांचं नाव असं भर देवळात निघालं, लोक हसले. मीपण हसले. ओटी त्यांनी स्वतःच्या हातानं भरली. खण नीट पडला.

तर ही उरलेली अर्धी बातमी. गाडी बरी आहे, दिवा विझला आहे, नवस फिटला आहे, आणि हे सगळं तिसरी पास बाईनं केलं आहे, हे रावेरला त्या किराणावाल्याला तुम्ही स्वतः जाऊन सांगावं. आईंना न्यायचं म्हणाल तर जरूर न्या. फार हट्टी झाल्या आहेत. भाकरी कडक चालत नाही, मऊ चालत नाही, दिवसातून चार वेळा मला चुकीची ठरवतात, आणि आता राजासारख्या बसायला शिकल्या आहेत. तुमच्याकडे चार दिवस राहिल्या तर मलाही विसावा. भावजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद, सुनेला सांगा बोलावं पण हळू.

तुमची धाकटी भावजय,
भागाबाई

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी आईंनी वाचून दाखव म्हटलं. सगळं ऐकून घेतलं, त्यांच्या हट्टाचा भागसुद्धा, आणि मग म्हणाल्या, बोटाचं खोटं लिहिलंस. म्हणून दुरुस्ती करते. पट्टीवरच्या तेलाला बोट मी लावलं नव्हतं. मी नुसती पट्टी हातात धरून तुमच्या भावांशी भांडत होते. आई ओट्यावर बसल्या होत्या, म्हणाल्या, इकडे आण. त्यांना मोतीबिंदूनं पट्टी दिसत नव्हती, खाचाही दिसत नव्हत्या. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये तेल घेऊन चोळलं आणि म्हणाल्या, “हे तेल नाही. हे घुसळलंय. कुणीतरी रोज ओततंय यात.” चाळीस वर्षं मापं भरलेला हात. चुना मी फासला, काठावरून गळतं ते मी ओळखलं, ते माझंच. पण फेस त्यांनी ओळखला. एवढं लिहिलं, आता त्या समाधानानं सुपारी कातरतायत.

ता. क. दुसरा. तिघांचे हात थांबवायला काही उपाय पाहिजेच होता. शपथा घालून बघितल्या, तिसऱ्या दिवशी उखर्डू पहाटे डबा घेऊन दिसला. म्हणून तेल घालायच्या तोंडाचं जे टोपण असतं ते रोज गाडी आली की काढून आईंकडे द्यायचं, आणि तोंडाला चिंधी बांधून आईंनी आपल्या हातची गाठ मारायची, कुणी सोडली तर त्यांना कळते, असं ठरलं. टोपण त्यांच्या कमरेच्या किल्ल्यांत आहे. सकाळी त्या काठी टेकत अंगणात येतात, पट्टी मागवतात, बोटानं खाच चाचपतात, आणि घाला म्हटलं तर घालायचं, नको म्हटलं तर नको. चार दिवसांत एकदाही घाला म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या कुणाला ते जमत नाही. मी डोळे मिटून करून बघितलं, मला खाच लागली, पण तेल कसं आहे ते बोटाला कळलं नाही.

ता. क. तिसरा, आणि हेच कामाचं. अक्का, मी वर न्या म्हणून लिहिलं ते रागानं लिहिलं, कार्ड आशाबाईनं वाचलं त्या रागानं. आमच्या आईला नेऊ नका. मागणं मागायची मला सवय नाही, म्हणून सरळ लिहिते. सोमवारी तुम्ही जरूर या, आठ दिवस राहा, तुमच्या गुडघ्यांना ताजं तिळाचं तेल काढून ठेवते. लालबाग स्टेशनावर गाडी घेऊन आई स्वतः येतील, पुढच्या बैठकीवर, त्यांनीच तसं ठरवलं आहे. परत जाताना तिकीट मात्र एकच काढा.